खडूची रेघ

रोसारिओत, पारानाकडे उतरणाऱ्या गल्लीत
देल्मिरा किरोगा जुन्या खुर्च्यांना नवं कातडं चढवते.
वय एकसष्ट, ओठांत चार खिळे,
म्हणून बोलते कमी,
आणि बोलायचंच झालं तर
आधी खिळे तळहातावर काढून ठेवते.

मी तिच्या फोनमधली वाक्यं लिहितो.
म्हणजे फोनमधल्या पाकिटातली,
ज्यात तिचा लेक बिल्बाओहून डिजिटल डॉलर टाकतो,
कारण पेसो मुठीत धरेस्तोवर विरघळतो.
बटणाच्या वर मला दोन ओळींची जागा आहे.
एकशे चाळीस अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
तेवढ्यात सांगायचं
सही केली तर काय होईल.

मार्चपर्यंत तिथं माझं वाक्य नव्हतं.
तिथं होता बेचाळीस खुणांचा एक पत्ता,
ना गल्ली, ना दार, ना हाक मारायला नाव,
आणि खाली: मंजुरी, अमर्याद.
तिला वाटलं, अमर्याद म्हणजे चांगलंच असणार,
सिमकार्डच्या जाहिरातीत असतं तसं.
दाबलं.
अकरा दिवसांनी, ती झोपेत असताना
कुणीतरी तीनशे बारा डॉलर उचलले.
चोरी म्हणायचीही सोय नव्हती.
सही तिचीच होती,
कोऱ्या कागदावरची.

मग मी तिच्या दुकानात जाऊन बसलो,
एका पाय मोडक्या आरामखुर्चीत, पेन्सिल घेऊन.
लिहिलं: या करारास आपल्या टोकनांच्या हस्तांतरणाचा अधिकार
तिनं खिळे काढले. नोटरी आहेस का रे?
खोडलं. लिहिलं: हे दुकान तुमच्या पैशाला हात लावू शकेल.
किती पैशाला?
सगळ्या.
केव्हा?
केव्हाही.
कधीपर्यंत?
तुम्ही नाही म्हणेपर्यंत.
मग हेच लिही की, म्हणाली,
आणि खिळे परत ओठांत.

ऑफिसात मिलाग्रोसनं ते दोनदा वाचलं.
लोक घाबरतील, म्हणाली. रद्द दाबतील.
मी म्हणालो, हो.

गॅस या शब्दावर तर आमची दुपार गेली.
शेगडीचा? नाही, वाटखर्च.
द्यायचा कुणाला?
दूरदूरच्या यंत्रांना. ती सगळ्यांसमोर एक वही लिहितात,
रांगेत आपला नंबर लागावा म्हणून त्यांच्या हातावर काही ठेवायचं.
ती वही कुणालाही वाचता येते?
कुणालाही.
मग मला का नाही येत?
यावर माझ्याकडे एकशे चाळीस सोडा,
चार अक्षरं नव्हती.

निघताना तिनं विचारलं,
किती जाणार ते लिहितोस. किती उरणार ते कुठाय?
कापलेल्या तुकड्याकडे मी बघतच नाही.
उरलेल्यात हाताची पट्टी बसेल का, ते बघते.
सहा वर्षं हे काम करतोय मी.

राहिला तो शेवटचा शब्द: परत फिरणार नाही.
अंतिम लिहून पाहिलं, अटळ लिहून पाहिलं,
लाल रंग देऊन पाहिला.
देल्मिरानं कात्री उचलून दाखवली.
हिच्यावर कुठं काय लिहिलंय?
मग कातड्याच्या उलट्या बाजूला
खडूनं एक रेघ ओढली,
मान तिरकी करून पाहिली, अंगठ्यानं पुसली,
बोटभर अलीकडे पुन्हा ओढली.

आता पाकिटात सहीच्या आधी
सगळं एकदा खोटं खोटं घडतं.
काल तिच्या पडद्यावर होतं:
फोमवाल्या आनिबालला चाळीस जातील.
वाटखर्च अकरा सेंट.
तुमच्याकडे दोनशे सव्वीस उरतील.
ही अजून खडूची रेघ आहे.

तिनं चष्मा वर ढकलून सगळं वाचलं.
अंगठा बटणावर नेला, थांबवला,
खिळे तळहातावर काढले,
आणि आनिबालला फोन लावला:
फोम आला का रे आधी?